बोटांच्या मापाचं जाळं

जाळेकाकांच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी माणूस दिसत नसे, जाळं दिसे. आढ्यापासून जमिनीपर्यंत ते असं सोडलेलं असे, की खेळ सुरू व्हायचा आहे आणि पडदा अजून वर गेलेला नाही असं वाटावं. काका त्याच्या पलीकडे कुठेतरी बसलेले. नवख्या गिऱ्हाइकाला आधी त्यांचा आवाज भेटे. "या, पण वाकून या. अडकलात तर मासा म्हणून तोलले जाल."

खोली नदीकडेच्या गल्लीत होती आणि खिडकी पाण्यावर उघडत होती. दुपार कलली की पाण्यावरचा उजेड उसळून आत येई, जाळ्यातून गाळला जाई आणि समोरच्या भिंतीवर हलत राही. त्या वेळी घरातली माणसं, मडकं, खाट, दोऱ्याची रिळं, सगळं काही पाण्याच्या तळाशी मांडल्यासारखं दिसे. काका हात थांबवून त्याकडे बघत बसत. मग सूनबाई म्हणे, "मामंजी, बुडालात का?" आणि ते म्हणत, "नाही, तरंगतोय अजून."

भिंतीला वेताचे सापळे टांगलेले असत. लांबट टोपली आणि तिच्या तोंडात बसवलेलं वेताचंच नरसाळं. आत शिरताना वाट रुंद, बाहेर यायला जावं तर काड्यांची टोकं समोर. मासा मूर्ख असतो असं कुणी म्हणालं तर काकांना आवडत नसे. मासा सरळमार्गी आहे, ते म्हणत. पुढे वाट दिसली की जातो. मागे वळून पाहायचं त्याला कुणी शिकवलं नाही, यात त्याचा काय दोष?

पण घराचं नाव होतं ते ओढायच्या मोठ्या जाळ्यासाठी. काठावरच्या टोळीतली सगळी माणसं दोन्ही टोकं धरून जे जाळं किनाऱ्याला खेचत, ते याच खोलीत जन्माला येई. जाळ्याच्या भोकाला इथे डोळा म्हणत. इतर घरांत डोळ्याच्या मापासाठी लाकडाची पट्टी असे. दोरा पट्टीवरून घ्यायचा, गाठ मारायची, पट्टी सरकवायची. या घरात पट्टी नव्हती. दोरा घ्यायचा तो दोन बोटांवरून, आणि तेही घरातल्या कर्त्याच्या. काका डाव्या हाताची दोन बोटं जोडून धरत, लाकडी सुई त्यांच्याभोवती फिरे, अंगठा दाब देई, गाठ बसे. अशी पहिली ओळ पूर्ण झाली की मग बाकीच्यांनी खाली विणत जायचं, प्रत्येक डोळा वरच्या डोळ्याशी जुळवून. पहिली ओळ जशी, तसं शेवटपर्यंत जाळं. म्हणून ती ओळ कर्त्याखेरीज कुणी घालत नसे.

सूनबाई शिंप्याच्या घरातून आलेली. नवरा मालवाहू बोटीवर, वर्षातून एकदा पाहुण्यासारखा यायचा. सुरुवातीला काका तिला म्हणायचे की इथे भोकं बुजवायची नसतात, करायची असतात. माहेरचं सगळं विसर. ती म्हणायची, बरं झालं, माहेरी भोकं पडली की ओरडा बसायचा. वर्षं गेली आणि तिचा हात असा बसला की ती खिडकीबाहेर बघत, शेजारणीशी बोलत, अर्ध्या झोपेतसुद्धा विणू लागली. गाठ मात्र कधी निसटली नाही. पहिली ओळ तिने कधी मागितली नाही आणि काकांनी कधी देऊ केली नाही.

मधल्या काळात काकांची बोटं सुजू लागली. सांधे गाठाळले. बोटातली लग्नाची अंगठी साबण लावूनही निघेना, तेव्हा सोनाराकडे जाऊन ती कापून घ्यावी लागली. सोनार म्हणाला, "काका, बोट आहे की ऊस?" काका त्याच्यापेक्षा जोरात हसले आणि घरी येऊन पुढच्या जाळ्याची पहिली ओळ घालायला बसले. दुसरं काही त्यांच्या मनातही आलं नाही. ज्याने आयुष्यभर बोटांनी मोजलं, त्याने बोटं कशाने मोजावीत?

हंगाम निम्मा झाला आणि टोळीचा मुकादम आला. हा काकांचा लहानपणापासूनचा दोस्त, गडगडाटी आवाजाचा, गल्लीच्या तोंडाशी खोकला तरी घरात चहाचं आधण ठेवलं जायचं. त्या दिवशी तो न खोकता आला. चहा हातात धरून बसला आणि कधी नव्हे ते हवापाण्याचं बोलू लागला. काकांनी ओळखलं की काहीतरी बिनसलं आहे.

मग हळूहळू बाहेर पडलं. गेल्या खेपेच्या जाळ्यात मोठे मासे येतात, मधले येत नाहीत. ओढताना हाताला भरल्यासारखं लागतं आणि काठावर येईतो हलकं होतं. काकांनी आधी पाण्याला दोष दिला. मग टोळीतल्या पोरांना, की त्यांच्या मनगटात जोर नाही. मग शिशाच्या वजनांना. मुकादम सगळ्याला मान डोलावत राहिला, आणि त्या मान डोलावण्याने काका अधिकच चिडले. भांड म्हणावं तर तो भांडेना.

शेवटी उठताना मुकादम म्हणाला, "पुढच्या हंगामाचं मोठं जाळं यंत्रावरचं घ्या, असं पोरं म्हणतायत. मी अडवून धरलंय. पण गड्या, मी म्हातारा एकटा किती ओढणार?"

एवढंच. पण तो गेल्यावर खोली मोठी वाटू लागली. टोळीचं जाळं गेलं म्हणजे घराचं काम गेलं. उरले असते ते भिंतीवरचे सापळे, हौशी लोकांनी अंगणात शोभेला टांगायला न्यायचे.

काकांनी त्या जाळ्याचा उरलेला तुकडा काढला आणि एकेक गाठ नखाने उकलून पाहिली. एकही हलली नाही. त्यांनी सूनबाईला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "गाठी चांगल्या आहेत, मामंजी." आणि लगबगीने भांडी घासायला बसली. भांडी घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका तो तुकडा खांद्यावर टाकून नदीवर गेले. गल्लीतल्यांनी माना बाहेर काढल्या, कारण काका पाण्यात उतरत नसत. जन्मभर जाळी विणली, पण जाळ्यात मासा शिरताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांना मासा माहीत होता तो काठावरचा, तडफडणारा किंवा टोपलीत निजलेला. पाण्यातलं त्याचं बिऱ्हाड त्यांनी पाहिलंच नव्हतं.

बंधाऱ्याआड पाणी कमरेएवढं आणि आरशासारखं. काकांनी दोन काठ्या रोवल्या, मध्ये जाळं ताणलं आणि एका सपाट दगडावर छातीपर्यंत पाण्यात बसून राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. गाळ खाली बसला, काठावरचे आवाज लांब गेले. उन्हाच्या वाकड्यातिकड्या रेघा तळावर सरकू लागल्या, थेट घरातल्या भिंतीवर सरकत तशा, आणि काकांना क्षणभर कळेना की आपण नदीत बसलो आहोत की खोलीत.

मग मासे आले. मधल्या बांध्याचे, चंदेरी, एकामागून एक. जाळ्यापाशी येऊन जरा थबकले. पहिल्याने डोळ्यात तोंड घातलं, कल्ले मिटले, अंगाला किंचित झोका दिला आणि तो पलीकडे होता. त्यामागून दुसरा. मग सगळेच. घाई नाही, धडपड नाही. ओळखीच्या घरात मधलं दार उघडं असावं आणि माणसांनी बोलत बोलत या खोलीतून त्या खोलीत जावं, तसे ते गेले. काकांना राग यायला हवा होता. पण त्यांनी श्वास रोखला होता. साठ-सत्तर वर्षं गाठी मारून जे त्यांना कधी दिसलं नव्हतं ते इतकं देखणं असेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. एक मासा त्यांच्या बरगडीला घासून गेला आणि म्हातारा गुदगुल्या झाल्यासारखा हसला.

हसतानाच त्यांनी हात पुढे केला आणि सवयीने दोन बोटं एका डोळ्यात घातली. बोटं चपखल बसली. माप कुठेही चुकलं नव्हतं. शेजारच्याच डोळ्यातून एक मासा सुळकन निघून गेला. पाण्यात सगळं असतं त्याहून मोठं दिसतं, आणि काकांना आपली बोटं दिसली. जाड, गाठाळलेली, उसाच्या कांड्यांसारखी. त्यांनी ती पाण्याबाहेर काढली. बाहेरही फार वेगळी नव्हती.

त्यांना वडील आठवले. नव्या हाताने घातलेल्या पहिल्या ओळीच्या पहिल्या डोळ्यात जुन्या कर्त्याने स्वतःची बोटं घालून पाहायची. बसली तर हात पास, अशी घराची रीत होती. वडिलांनी काकांच्या ओळीत बोटं घातली तेव्हा ती ओढून ताणून शिरली होती. वडील नुसते त्यांच्याकडे बघत राहिले होते. ते बघणं काकांना आज, गार पाण्यात बसून, समजलं.

ओल्या कपड्यांनीच ते घरी आले. सूनबाईने पंचा पुढे केला. तो तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

तिने कशाबद्दल असं विचारलं नाही. "अंगठी कापलीत तेव्हा. मी गाठी घट्ट ओढून पाहत होते. एका ओळीत थोडं सावरायचं, पुढच्या ओळीत पुन्हा वरच्याशी जुळवावं लागायचं."

"मग बोलली का नाहीस? एरवी तोंडाला कुलूप नसतं तुझ्या."

"डोळा चुकला असता तर बोलले असते, मामंजी. पण हे सांगायचं म्हणजे माणूसच बदला म्हणायचं. ते सुनेने कसं म्हणावं?"

काका खाटेवर टेकले. पंच्याने डोकं पुसता पुसता बराच वेळ पंच्याच्या आतच राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी नवं रीळ उचलून तिच्या मांडीत ठेवलं आणि बस म्हणाले. ती म्हणाली, आधी कोरडे व्हा. ते म्हणाले, मी आपोआप वाळतो, तू बस.

तिने डाव्या हाताची दोन बोटं जोडली. इतकी वर्षं झोपेत विणणारी बाई, पण आज सुई दोनदा हातातून पडली. मग दोरा फिरला, अंगठा दाबला गेला, पहिली गाठ बसली. तिने तो डोळा काकांपुढे धरला. काकांनी आपली बोटं पुढे केली. ती शिरली नाहीत. त्यांनी जोर केला नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "घाल पुढे."

त्यानंतरच्या दिवसांत ती वरून विणत गेली आणि काकांनी वरच्या काठाला बुचं आणि खालच्या काठाला शिसं बांधलं. मध्येच त्यांच्या बोटांना रिकामं राहवेना. मत्स्यबीजाच्या तळ्याच्या राखणदाराला कासवांचा त्रास होता. माशांची पिल्लं मटकावतात म्हणून कासवं धरून लांबच्या पाणथळीत नेऊन सोडायची होती. काकांनी वेताची कडी घेतली आणि आपल्या जाड बोटांवरून मोठ्या डोळ्यांची पिशवी विणली. मासा येई-जाई, कासव तेवढं आत राही. पिशवीच्या माथ्यावर त्यांनी पाण्याबाहेर राहील असा फुगवटा ठेवला, कारण अडकलेल्या कासवालाही नाक वर काढून श्वास घ्यावा लागतो. पहिल्या दिवशी ते स्वतः तळ्याकाठी जाऊन बसले. सापळ्याच्या फुगवट्यात एक छोटंसं नाक वर आलं, जग हुंगलं आणि सावकाश खाली गेलं. काका संध्याकाळपर्यंत तिथेच होते.

टोळीने नवं जाळं टाकलं त्या दिवशी सूनबाईने घरात दोनदा केर काढला. काका कासवाच्या दुसऱ्या सापळ्याची कडी वाकवत बसले होते आणि कडं काही गोल होत नव्हतं. दिवस कलता कलता गल्लीच्या तोंडाशी खोकला ऐकू आला, खास गडगडाटी. सूनबाईने आधण ठेवलं.

मुकादम दारात उभा राहिला, कपडे खवल्यांनी चमचमणारे. हातातला मधल्या बांध्याच्या माशांचा घोस त्याने उंबऱ्यात ठेवला. जाळ्याच्या आड बसलेल्या काकांकडे त्याने पाहिलं, मग सूनबाईकडे वळला, आणि आजवर जिला तो नुसतं पोरी म्हणत आला होता तिला म्हणाला, "बाई, दुसरं जाळं कधी द्याल?"

ती गोंधळली. पदराला हात पुसत म्हणाली, मामंजींना विचारून सांगते.

पडद्यामागून आवाज आला, "मला काय विचारतेस? मी कासवांचा माणूस."