आडवा फुगा

फुगा काजूच्या शेंड्याला घासला आणि त्याच वेळी मॅडमचा फोन आला.

“मारोती, सोडलास का पूर्ण?”

“सोडला मॅडम.”

“दोरी संपली?”

“संपली.”

“मग इथून दिसत का नाही?”

मी सड्यावर होतो. सडा म्हणजे इकडचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. मॅडम खाली तोंडवलीत, देवळासमोर गावकऱ्यांसोबत. मधे माडांची रांग. आणि माझ्या डोक्यावर लाल फुगा, जो वर जायचं सोडून बाजूला चालला होता.

आमचं काम थोडं सांगतो. सड्यावर पवनचक्क्या उभ्या करायच्या आहेत. त्या उभ्या राहिल्यावर गावातून, देवळातून, किनाऱ्यावरून कशा दिसतील, डोळ्याला किती खुपतील, हे आधीच बघून ठेवायचं. त्याला व्हिज्युअल इम्पॅक्ट असेसमेंट म्हणतात. ज्या जागेवरून बघायचं तो व्ह्यूपॉइंट. तिथून माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर त्यात पवनचक्की बसवायची. मॅडम लँडस्केप आर्किटेक्ट आहेत, त्या ठरवतात. मी ट्रायपॉड उचलतो, फोटो काढतो.

मी हिंगोलीकडचा, नववीत शाळा सोडलेली. फोटो स्टुडिओत कामाला होतो, तिथून मॅडमनी कणकवलीच्या ऑफिसात आणलं. तेही ट्रायलवर. अशा माणसाला इंग्रजी नावाची नोकरी लागली की तो सकाळी उठून आधी आयकार्ड जागेवर आहे का बघतो. आईने अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं की पोरगा इंजिनियर लोकांत असतो. त्यामुळे परत जायची सोय उरली नव्हती.

तर फुगा कशाला? आधीच्या मीटिंगला आम्ही कॉम्प्युटरवरचे फोटो नेले होते. गावचे नाना, देवस्थानचं काम बघतात, त्यांनी एकेक फोटो लांब धरून पाहिला आणि परत दिला.

“कंपुटरात काय्येक दाखवतास. माझ्या झिलाच्या लग्नाच्या अल्बमात मागे बर्फाचो डोंगर आसा. लग्न झाला कणकवलीक.”

मॅडमनी फोटो फाइलीत परत घातले. तसले बर्फाचे डोंगर मीच लोकांच्या मागे लावत आलो होतो, म्हणून मी नजर चुकवून ती फाइल उचलली. शेवटी ठरलं की खरोखरच दाखवायचं. पवनचक्कीच्या पात्याचं टोक जेवढं वर जाणार तेवढी दोरी घ्यायची, गॅसचा मोठा फुगा बांधायचा आणि गावाला सगळ्यात जवळच्या पवनचक्कीच्या जागेवरून सोडायचा. गावाने खालून बघायचं आणि पटलं तर गावातर्फे नानांनी ना-हरकतीवर सही करायची. दुकानांची उद्घाटनं सजवणाऱ्याकडून फुगा आणायला मलाच पाठवलं. त्याच्याकडे तयार होता त्यावर ‘भव्य शुभारंभ’ लिहिलेलं होतं. गावाने होकार द्यायच्या आधी तो उडवला असता तर काय झालं असतं, एवढं मलाही कळलं. साधा लाल आणला.

आता तो लाल फुगा काजूवर लोळत होता. दुपारची वेळ, समुद्रावरून वारा सुटलेला. सड्यावर वारा जोरात असतो म्हणूनच पवनचक्कीवाल्या कंपनीने तो निवडला होता.

मॅडमचा फोन स्पीकरवर होता हे मला माहीत नव्हतं. मागून आवाज येत होते. कंपनीचे साहेब म्हणाले, “दिसतच नाही म्हणजे इम्पॅक्ट नाही. लिहून घ्या मॅडम.”

नाना म्हणाले, “इतकोच? मगे चलात. सही खंय करूची?”

साहेब खूश, गाव खूश, मी तोंड मिटून बसलो असतो तर आमचं पण काम झालं असतं. पण सही झाल्यावर पवनचक्की काही आडवी उभी राहणार नव्हती. आणि फुगा कोणी सोडला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

“मॅडम, फुगा उभा नाही. वाऱ्यानं लोळायलाय. खरी चक्की तर लई उंच असंल.”

पलीकडे सगळे हसले. साहेब सोडून.

मी खाली आलो तेव्हा साहेब मॅडमना विचारत होते, “ह्या मुलाचं शिक्षण काय?” मॅडमनी सांगितलं. साहेब म्हणाले, “तरीच. उद्या परत करा टेस्ट, पण हा नको. जरा ट्रेनिंग घेतलेला माणूस द्या.”

मॅडम म्हणाल्या, “बघते.”

‘बघते’ म्हणजे काय, ते मला ठरवता येईना. देवळामागेच फर्नांडिस मावशींचा होमस्टे आहे, त्यांनी मला बोलावून पुढ्यात चहा ठेवला.

“तोंड कित्याक पाडलंस रे पुता? आडवो फुगो झालो, तू नाय.”

“मावशी, नोकरी जाईल माझी.”

“गेली तर हंय रव. गिऱ्हाईकांचे फोटो काढ. मागे बर्फ लाव.”

तेवढ्यात नाना आले, मागोमाग साहेब आणि मॅडमही चहाला. नानांना हसू आवरत नव्हतं. “काय रे, वारो आसा म्हणान पंखे लावतास, आणि वारो आसा म्हणान फुगो उभो रवना नाय?” मग साहेबांकडे वळून म्हणाले, “सकाळी मतलय पडता तेव्हा सोडा.” मतलय म्हणजे पहाटेचा जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. तो थांबल्यावर आणि समुद्रावरचा सुरू व्हायच्या आधी इथे थोडा वेळ पान हलत नाही.

“चालेल,” साहेब म्हणाले. “उद्या आमचा माणूस सोडेल.”

“तुमचो नको. होच होयो.”

“का?”

“आडवो झालो तर सांगणारो होच एक आसा.”

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम ट्रायपॉड बॅगेत भरत होत्या. त्या भरतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सड्यावर. वारा पडला तशी दोरी सोडत गेलो. फुगा सरळ चढला. इतका सरळ की मलाच भीती वाटली.

“दिसतोय मॅडम?”

“दिसतोय.”

“कुठे?”

“कळसाच्या बरोबर वर.”

समोर उभं राहून नमस्कार केला की देवाच्या डोक्यावर पंखा फिरणार होता. नानांनी सही केली नाही. पण चक्क्या नकोत असंही म्हणाले नाहीत. फक्त ही एक सरकवा, म्हणाले. साहेबांनी दोन-तीन फोन केले, आणि ती एक सड्याच्या पलीकडच्या टोकाला, टेकडीआड न्यायचं ठरलं. आम्ही नव्या जागेवरून फुगा सोडून दाखवला, तेव्हा कुठे नानांची सही झाली.

नाराज झाल्या त्या फर्नांडिस मावशी. त्यांच्या मागच्या गॅलरीतून तीच चक्की तेवढी दिसणार होती. “माका कोणी इचारल्यानी? माझी गिऱ्हाईका पैसे देवन बघतीत ती चक्की.” मी त्यांचं म्हणणं रिपोर्टसाठी घेतलं. आमच्या भाषेत त्याला ‘पॉझिटिव्ह इम्पॅक्ट लॉस्ट’ म्हणतात, असं मॅडमनी सांगितलं. खरंच म्हणतात का, माहीत नाही. त्या हसत होत्या.

महिनाअखेर मॅडमनी ट्रायल संपून मी पक्का झाल्याचं सांगितलं. कारण मी विचारलं नाही. चांगली गोष्ट घडली की कारण विचारायचं धाडस मला होत नाही. साहेबांच्या पुढच्या साइटचा मेल आला त्यात लिहिलं होतं, ‘तो फुगेवाला पाठवा.’ मी ते कौतुक समजतो. आईला ‘टेक्निशियन’ असं कळवलंय.

या कामातून शिकलो ते एवढंच: पवनचक्कीचा फुगा वारा नसताना सोडावा. हे आमच्या कामाच्या गाइडलाइनमध्ये आधीपासून छापलेलं आहे. ती इंग्रजीत असल्यामुळे मी वाचली नव्हती. मॅडमनी वाचली होती, पण साहेबांची गाडी दुपारी येणार होती.