आडवा नेलेला प्रिंटर

काल प्रिंटरच्या टाकीत शाई भरताना बोटाला निळा डाग पडला आणि काही वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. तेव्हा मी नारायण पेठेतल्या घरातूनच मसाले विकायचो आणि घासाघीस करून स्वस्तात घेतलेल्या प्रिंटरवर लेबलंही घरीच छापायचो. कात्रजच्या एका मोठ्या दुकानदाराशी आठवडाभर घासाघीस करून पहिली ऑर्डर मिळवली होती. माल त्याच संध्याकाळी द्यायचा होता. आदल्या दिवशी प्रिंटर मागून नेलेल्या मेहुण्याने तो सकाळी आणून टेबलावर ठेवला, चहा प्यायला, "दाजी, तुमचा मसाला एक नंबर" म्हणाला आणि स्कूटर आमच्या दारातच ठेवून कंपनीची हिंजवडीची बस गाठायला पळाला. मी बटण दाबलं, तर लेबलं निळीकाळी होऊन बाहेर आली आणि खालून शाई ओघळली. पठ्ठ्याने स्कूटरवर आडवा घालून नेला होता! फोनवर ओरडलो, तर म्हणतो, "घासाघीस करून घेतलेली वस्तू, दाजी. गळायचीच." मग औषधाच्या दुकानातून सिरिंज आणून मी दिवसभर आत सांडलेली शाई ओढत, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांनी टिपत बसलो. उन्हं उतरताना एकदाचा पिवळा रंग स्वच्छ उमटला. लेबलं कापता कापता बायको सहज म्हणाली, "दारातच सांगितलं होतं त्याने, शाई सांडली म्हणून." "म्हणजे मी बटण दाबताना तुला माहीत होतं?" "पुसलाय म्हणाला, वाटलं चालेल. आणि तुम्ही चिडता हो." माल वेळेवर पोचला. मेहुण्यावरचा राग तर केव्हाच गेला. पण बायको "सगळं ठीक आहे" म्हणाली की अजूनही मी आधी उठून स्वतः बघून येतो.