खाडीच्या बैठकीत सेरुवाया

फिजीतल्या वनुआ लेवू बेटाच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात सेरुवायाइतकी खाडी कुणालाच ठाऊक नव्हती. ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांत हात घालून ती चिंबोऱ्या काढायची, गेली चाळीस वर्षं. पण खाडीचा निर्णय पुरुष घ्यायचे. बैठकीत बायका दाराशी, चहापुरत्या.

त्या दिवशी गावप्रमुख इनोके म्हणाला, "चिंबोऱ्या घटल्यात. अख्खी खाडी दोन वर्षं बंद." पुरुषांच्या होड्या मासेमारीला जायच्या त्या बाहेरच्या प्रवाळाचं नावही निघालं नाही.

सेरुवायानं किटली खाली ठेवली. ती सरळ पुढं जाऊन, पुरुष बैठकीत प्यायचे त्या यांगोना पेयाच्या लाकडी भांड्यासमोर चटईवर बसली.

"सेरुवाया, तुझी जागा तिकडं," इनोके म्हणाला.

"माझी जागा खाडीत आहे, भावजी. तीच तुम्ही बंद करताय, म्हणून आले."

तरुण अपेनिसा खवचटपणे म्हणाला, "आता बायका आमच्या डोक्यावर बसणार वाटतं!"

"डोक्यावर कशाला रे? शेजारी बसलेय. जरा सरक."

हशा पिकला. अपेनिसा सरकला.

मग ती बोलली. "अंडी धरलेल्या चिंबोऱ्यांच्या माद्या खाडीच्या मुखातून समुद्रात जातात. मुख बंद करा, वरची खाडी खुली राहू द्या. आणि प्रवाळावर मासे अंडी घालतात तेव्हा तुमच्या होड्याही ओढून ठेवा. साइलोसी, सांग ना यांना!"

साइलोसी मागं अंग चोरून बसला होता. बायको अंथरुणाला खिळल्यापासून तो बायकांबरोबर शिंपल्या वेचायचा. पुरुष त्याला 'साइलोसीबाई' म्हणायचे. तो हळूहळू उठला.

"खरंय ती म्हणते ते. मुखाशी जाळी लावून माद्या आपणच धरतो. मीही धरल्यात."

या वेळी कुणी चिडवलं नाही. इनोकेनं दाराशी उभ्या बायकांकडं पाहिलं. मग म्हणाला, "ज्यांचे पाय त्या पाण्यात भिजतात, त्यांनीच ठरवायचं. सेरुवायाचं पटत असेल त्यांनी हात वर करा. बाया, पुरुष, सगळ्यांनी."

दाराशी एकदम हातच हात वर झाले. अपेनिसानं आईचा हात पाहिला आणि आपलाही उचलला.

दोन वर्षांत वरच्या खाडीत ताटाएवढ्या चिंबोऱ्या दिसू लागल्या, प्रवाळाशी माशांचे थवे परतले. खाडी समितीची प्रमुख सेरुवाया, तिच्या जोडीला साइलोसी. शेजारच्या तीन गावांनी त्यांना बोलावणं धाडलं. तिनं निरोप दिला, "येतो, पण तुमच्या बायका चटईवर बसलेल्या दिसल्या पाहिजेत."

एका ओहोटीला अपेनिसा टोपली घेऊन चिखलात उतरला. बायको बाळंतीण होती.

"काकी, मला शिकव."

"ये बाबा," सेरुवाया खदखदून हसली, "आधी कमरेत वाकायला शीक!"