पटावरची बारा पोरं

आमच्या हेडमास्तरांइतका दुसऱ्याला हादरवून सोडणारा माणूस जगात झाला नसेल, आणि झालाच असला तर त्याला कोणी बोर्डाच्या प्राथमिक शाळेत ठेवून घेतला नसेल. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मी नुकताच सातवीची फायनल पास होऊन डोंबिवलीला, खाडीच्या अंगाच्या शाळेत चौथीचा मास्तर म्हणून लागलो होतो, तोही तात्पुरता. पहिल्या दिवशी मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद राहिला बाजूला, त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "वडील नाहीत." "असताना काय करत होते?" आणि मी 'भिक्षुकी' म्हणेपर्यंत त्यांनी टाक दौतीत बुडवलासुद्धा होता. मी घरी येऊन आईला म्हटलं, या शाळेत आपला निभाव लागायचा नाही.

दरवर्षी बोर्डाकडे एक तक्ता पाठवावा लागे. पटावर मुलं किती, जात कुठली, घरची भाषा कोणती, बापाचा धंदा काय आणि शेवटी पास किती. धंद्याला चार रकाने असत: शेती, मजुरी, नोकरी आणि इतर. बाकीचे हेडमास्तर तासाभरात आकडे टाकून मोकळे होत. आमच्या हेडमास्तरांना महिना लागे, कारण त्या चार रकान्यांवर त्यांचा काडीइतका विश्वास नव्हता. छत्री बगलेत मारून ते घरोघर जात. एका आगरी पालकाच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'चार महिने भात, चार महिने मासे, उरलेले चार महिने मेहुण्याशी कज्जा.' एका कारकुनापुढे, 'फोर्टात साहेबासमोर उभे राहणे.' बोर्डाने लाल शाईत झापून तक्ता परत पाठवला, तर यांनी त्याला तीन पुरवण्या चिकटवून तो पुन्हा रवाना केला. "मास्तर, पोरगं नापास का होतं ते या रकान्यात असतं," ते मला म्हणाले, "आणि हे म्हणतात 'इतर' लिहा!"

जन्मतारखांचंही तेच. तारीख ठाऊक नसलेल्या पोराला एक जून ही तारीख देऊन टाकायची, हा आम्हा मास्तर मंडळींचा रिवाज. यांना तो मंजूर नव्हता. आई म्हणे, "ह्यो झाला तवा लावनी चालली व्हती." की हे जुनी पंचांगं काढून बसत. एकदा या हिशेबात धाकटा भाऊ थोरल्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा निघाला. हेडमास्तरांनी दोन रात्री जागून पंचांगं पुन्हा चाळली. पुन्हा खात्री करायला गेले, तर ती बाई हात जोडून म्हणाली, "मास्तर, आता तुमीच सांगा, कोन आदी झाला!"

पेपर तपासताना मात्र या प्रेमळ माणसाचा कसाई होई. अर्धा मार्क वाढवून मागितला तर ते माझ्याकडे अशा नजरेने बघत, जणू मी त्यांच्या खिशातच हात घातला असावा.

अशा माणसाच्या शाळेत मी काय केलं ते सांगायची अजून लाज वाटते. वार्षिक तपासणीला डेप्युटीसाहेब यायचे होते. माझ्या वर्गाचा निकाल पाहून मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं, आणि घरी आई नि दोन बहिणी माझ्या पगाराकडे डोळे लावून होत्या. तपासणीच्या दिवशी कच्च्या पोरांना घरी ठेवायचं, ही युक्ती त्या काळी आसपासच्या शाळांतून सर्रास चाले. मी खाडीकडच्या बारा पोरांना आदल्या दिवशी सांगितलं, "उद्या शाळेला सुट्टी." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हजेरीही चांगली दिसावी म्हणून मी शहाण्याने सकाळी त्या बाराही जणांची हजेरी लावून टाकली.

डेप्युटीसाहेबांनी हजेरीपट पाहिला, मग डोकी मोजली, मग पुन्हा हजेरीपट पाहिला. "बारा मुलं कुठं आहेत?" खोटी हजेरी म्हणजे नोकरी तर गेलीच, पुन्हा कुठल्या शाळेत कोणी उभं केलं नसतं. हेडमास्तरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी रिकाम्या जागांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हजेरी मी लावली. पोरांना घरी मी ठेवलं."

"तुम्ही?" डेप्युटीसाहेबांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. त्या तीन पुरवण्या त्यांनीच वाचल्या होत्या.

"मी. आता आणतो त्यांना." आणि ते छत्री घेऊन बांधावरून चालू लागले. तासाभराने गुडघाभर चिखलाने माखलेली बारा पोरं त्यांनी वर्गात आणून बसवली. साहेबांनी त्यातल्या एकाला विचारलं, "इथून कल्याणला कसं जाशील?" तो म्हणाला, "भरतीला जायाचा का सुकतीला?" साहेब हसले, पण गणितात त्या पोरांनी माझी पुरती शोभा केली.

मला आणखी एक वर्षाची मुदत मिळाली. हेडमास्तरांचं हेडमास्तरपण गेलं आणि मुरबाडच्या पलीकडे एका खेड्यात त्यांची बदली झाली. सामान बांधताना मी रडतच विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?" ते वैतागून म्हणाले, "खोटं कसलं? हजेरीपटाखाली सही माझीच होती ना? आता त्या बारांना नीट शिकवा, म्हणजे झालं."

मी कायम झालो, बहिणींची लग्नं झाली, पुढे मीही हेडमास्तर झालो. मुरबाडला एस. टी. जात होती. दर सुट्टीत मनात यायचं, जाऊन यावं. मी गेलो नाही, आणि एके दिवशी ते गेल्याचं कळलं. माणूस असा होता, की मला बसायला सांगायच्या आधी त्याने त्या बाराही पोरांची नावं घेऊन एकेकाचं काय झालं ते विचारलं असतं. मला त्यातल्या सात जणांचंच सांगता आलं असतं.