नलूमावशीने धरलेली जागा

नलूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्यात दूध घेत होते. तिच्या समोरच्या काकूंची सून म्हणाली, “ताई, मावशी गेल्या... झोपेतच.” महिना उलटला, पण अजून पेणची एसटी दिसली की मी थांबून बघते. खिडकीत तीच बसली असेल असं वाटत राहतं.

मावशी ऐन तारुण्यात विधवा झाली आणि पेणला माहेरी आली. रोह्याच्या शाळेत नोकरी लागली, रोज सकाळची एसटी. त्याच शाळेतले एक सर वाटेत गडब गावाला चढायचे, आणि तोवर गाडी खच्चून भरलेली असायची. म्हणून मावशी शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवायची. एवढाच गुन्हा. विधवा बाई परपुरुषासाठी जागा धरते, म्हणून पेणभर चघळायला विषय झाला. आळीतल्या बायकांनी तिला पापड लाटायला बोलावणं सोडलं. समोरच्या काकू तर ती दिसली की दार लावून घ्यायच्या.

सर लग्नाला तयार होते. मावशीही होती, हे तिने मला फार उशिरा सांगितलं. पण तेव्हाच तिच्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे माझ्या आईचं, रोह्यात जमलं होतं. कुजबुज तिथवर गेली आणि निरोप आला, “आधी थोरलीचं काय ते निस्तरा, मग बघू.” दुसऱ्या दिवशी मावशीने रुमाल टाकला नाही. सर रोह्यापर्यंत उभ्याने गेले. पुढे बदली करून घेतली म्हणे, कुठे ते तिने कधी विचारलं नाही. आईचं लग्न झालं, मी झाले. त्या आळीचा मला आजही संताप येतो. आणि तिने सर सोडले म्हणून मी आहे, हे काही केल्या मनातून जात नाही...

गेल्या वर्षी काकूंच्या विधवा नातीचं दुसरं लग्न झालं. मुलगा तिच्याच कंपनीतला, एकाच बसने शिफ्टला जाता-येता जमलेलं. पत्रिका, बँड, सगळं साग्रसंगीत. आता नव्वदीला टेकलेल्या काकूंनीच मावशीला हात धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं. “नलू, पोरीला आशीर्वाद दे गो. बसमध्ये जमलं हो यांचं,” म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. मावशीने आशीर्वाद दिला, जिलेबीही खाल्ली. घरी आल्यावर पातळाचा पदर नीट करत मला म्हणाली, “एवढंच होतं गो?”

 

दुसऱ्या दिवसापासून मावशी दुपारी अबोलीची वेणी माळून ओट्यावर बसायला लागली. सत्तरी कधीच ओलांडलेली बाई. पुढच्या खेपेला मी पेणला गेले तेव्हा विचारलं, “मावशी, हे काय नवीन?”

“बघते, कोण काय बोलतं.”

मीही तिच्या शेजारी बसले. येणारे-जाणारे “मावशी, जेवलात का?” विचारून पुढे जात होते. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघायची. पार शेवटच्या दुपारपर्यंत ती तशी बसत होती, काकूंची सून सांगत होती. कोणी काहीच बोललं नाही.