सासऱ्या-जावयाचा एक वकील

नागपूर सुटून आमची राजधानी भोपाळला गेली, त्या सालची गोष्ट. इच्छापूरच्या जत्रेत चुडामण दलालाचं डोकं फुटलं. काठी एक, तडाखा एक आणि पोलिसांनी धरले दोघं: माझा बाप कडू आणि माझा नवरा सुकलाल. एकाला तरी जेल होणारच होती.

दोघं जमानतीवर सुटले. आता वकील? आमच्यात सासऱ्या-जावयानं वेगवेगळे वकील केले की नातं तुटलं म्हणून गावभर बोंब. म्हणून दोघांना एकच केला, शनवारा पेठेतले वामन वकील. माणूस सोन्यासारखा, पण काय सांगू बाई, भित्रा! साधी तारीख मागतानाही घशाला कोरड पडायची.

त्यांनी दोघांना एकेकटं आत बोलावलं. बाप बाहेर आला तो मिशीवर हात फिरवत, नवरा आला तो गालात हसत. मागून वकीलसाहेब, घामाघूम.

"मथुराबाई, दोघांचेही कागद परत घ्या."

"अहो, एकाचं तरी लढा!"

"एकासाठी तोंड उघडलं तर दुसऱ्यानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर पडेल."

"असं सांगितलं तरी काय मेल्यांनी?"

"ते नाही सांगणार."

मी काय दूधखुळी आहे? दोघांनीही एकमेकांवर ढकललं होतं! अस्सा संताप आला!

तेवढ्यात तो चुडामण डोक्याला पट्टी बांधून हजर. "वकीलसाहेब, त्यांच्या पोटातलं तुम्हाला ठाऊक. आता माझ्याकडून उभे राहा." त्या भित्र्या माणसानं त्याला असा झापला की रस्त्यावरची माणसं थांबली.

मी वकिलांच्याच ओट्यावर बसले, फडक्यात बांधलेली भाकर सोडली आणि दोघांच्या देखत एकटीनं खाल्ली. शेवटी बाप पुटपुटला, "पोरी, काठी मीच मारली."

"मामा, गप बसा ना," नवरा म्हणाला, "मी जातो जेलात."

मला रडूच फुटलं. तरी उठले, इतवारा पेठेत जाऊन दोन वकील केले, वेगवेगळे. गावात बोंब झाली. होऊ दे!

कोर्टात बापानं कबूल केलं. जेलात जाताना जावयाच्या गळ्यात पडून रडला आणि मला म्हणाला, "वामन वकिलांना सांग, मी खरं बोललो."

मी जाऊन सांगितलं. वकीलसाहेबांचे डोळे भरून आले.

"असं का?" ते म्हणाले. "मला तर काहीच माहीत नव्हतं, बाई."