पिंपातलं औषध विहिरीत कसं गेलं

होळी या आमच्या गावातल्या विहिरीत सात वर्षांपूर्वी औषध मिसळलं आणि सगळे मासे मेले. ते औषध माझ्या पिंपातलं होतं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही, आणि दोष दुसऱ्या कुणावर गेला. आता माझं वय एक्क्याऐंशी आहे. झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

विहीर सामाईक आहे. अर्धी माझी, अर्धी चुलत भावाची. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. एक दिवस पाणी त्याच्या वाडीला, एक दिवस माझ्या. पंप एकच. पाणी प्यायचं नाही, वाडीला आणि कपड्यांना वापरायचं. डासांची अंडी खायला विहिरीत मासे सोडलेले असत, आणि माझ्या वडिलांच्या वेळचं एक कासव होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. निवृत्त झाल्यावर केळी आणि थोडी पानवेल सांभाळली. केळीच्या मुळांना वाळवी लागायची, म्हणून प्रत्येक आळ्यात औषधाचं पाणी घालावं लागे. वाकून कंबर जायची. तेव्हा मला वर्गातला एक धडा आठवला.

वाहत्या पाण्याजवळची ताकद तीन ठिकाणी वाटलेली असते: दाबात, वेगात आणि उंचीत. वाटेत कुणी भर घातली नाही आणि घर्षणात काही गेलं नाही, तर तिन्हींची बेरीज तीच राहते. एक वाढलं तर ते दुसऱ्यातून वजा होतं. पाइप अरुंद झाला की तेवढंच पाणी पुढे जायला तिथे जोरात धावतं, आणि वेग वाढला की दाब उतरतो. वर्गात मी दोन कागद समोरासमोर धरून त्यांच्या मधून फुंकर मारत असे. कागद लांब जातील असं मुलांना वाटे, ते जवळ येत.

वालीवच्या एका वर्कशॉपमधून मी हातभर पाइप करून आणला, मधोमध आवळलेला. आवळलेल्या जागी एक भोक, त्याला बोटाएवढी नळी, नळीवर छोटा कॉक. नळीचं दुसरं टोक औषधाच्या पिंपात तळापर्यंत. पंपाच्या पुढे हा तुकडा बसवला. पंप सुरू झाला की अरुंद जागी दाब उतरे, बाहेरची हवा पिंपातलं औषध नळीतून वर ढकले आणि ते पाण्यात मिसळून केळीकडे जाई. वाडीवाडीतून लोक बघायला आले. मला ते आवडलं होतं.

दादानं मात्र विचारलं, "पंप बंद झाला की पानी मागं विहिरीत येतं ना? आपला फुटबॉल गळतोय." विहिरीतल्या पाइपच्या तोंडाशी पाणी परत जाऊ नये म्हणून झडप असते, तिला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात. "मग तुझं औषध नाय येनार मागं?"

मी म्हणालो, "पाणी धावतं तेव्हाच ती नळी ओढते, दादा. थांबलं की ओढ संपली."

हे अर्धं खरं होतं, म्हणून त्याला पटलं.

त्या दिवशी माझी पाळी होती. दुपारी वीज गेली. मी सवयीनं केळीकडचा मोठा वॉल्व्ह बंद केला आणि जेवायला गेलो. नळीवरचा छोटा कॉक उघडाच राहिला. पुढचा वॉल्व्ह बंद, त्यामुळे पाइपात तिकडून हवा शिरायला वाट नाही. गळक्या झडपेतून पाइपातलं पाणी खाली विहिरीत उतरू लागलं आणि त्याच्या मागोमाग पिंपातलं औषध. पिंप जमिनीवर, विहिरीचं पाणी दोन पुरुष खोल. इथे वेगाची गरजच नव्हती, उंची पुरेशी होती. मी नियमातली वेगाची बाजू वापरली आणि उंचीची विसरलो.

चार वाजता परत आलो तर पिंप रिकामं. वीज अजून आलेली नव्हती, म्हणजे औषध केळीकडे गेलेलं नव्हतं. मी विहिरीत डोकावलो नाही. कळशीनं हौदातलं पाणी आणून पिंप पुन्हा काठोकाठ भरलं.

सकाळी मासे उलटे तरंगत होते. कासव दुपारी मेलं.

दादाच्या वाडीत अकरा वर्षं कामाला असलेली एक बाई होती. डोंगरापलीकडून एकटीच आली होती, वाडीच्या टोकाला खोप बांधून राहायची. आदल्या दुपारी तिनं दादाच्या भेंडीवर फवारणी केली होती. दादाची बायको, माझी वहिनी, तिला म्हणाली, "फवारणीचा पंप विहिरीवर धुतलास ना?"

"नाय. कुंपनाशी धुतला."

"मग मासे काय हसून मेले?"

दादा माझ्या पिंपापाशी गेला, झाकण काढून पाहिलं. भरलेलं होतं. तो माझ्याकडे वळला. "तुझ्यातून तर नाय ना?"

"भरलेलं दिसतंय ना तुला," मी म्हणालो.

माझ्या तोंडून निघालेलं वाक्य एवढंच. तिसऱ्या दिवशी बाई भांडी गोणीत भरून गेली. पुढे इतर वाड्यांनीही तिला कामाला ठेवलं नाही, विहीर बाटवणारी म्हणून. मी नवा फुटबॉल आणून बसवला, विहिरीत नवे मासे सोडले, आवळलेला पाइप काढून पडवीत ठेवला. लोक म्हणाले, मास्तर भला माणूस, दुसऱ्याच्या चुकीपायी एवढी मेहनत घेतली.

या वर्षी होळीच्या बाजारात कुणीतरी बोलता बोलता म्हणालं की ती वालीवला आहे, एका कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके जोडते. मी तो पाइप नळी आणि कॉकसकट पिशवीत घालून गेलो. जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाबाहेर आली. केस पांढरे झाले होते. तिनं मला लगेच ओळखलं.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती पाइपातून आरपार बघत ऐकत होती.

"म्हंजे हा एवढासा कॉक फिरवला असता तर झालं असतं?"

"हो."

"आनि कॉक राह्यला हे सांगायला सात वर्सं?"

तिनं पाइप माझ्या हातात परत दिला.

"मला कशाला सांगता, मास्तर? मी पंप कुठं धुतला ते मला म्हायती होतं. ज्यांना म्हायती नाय त्यांना सांगा. उपसा कधी हाय?"

दर वैशाखात आमच्याकडे विहीर उपसून गाळ काढतात. मासे घमेल्यांत काढून ठेवतात. त्या दिवशी वाटेकऱ्यांच्या घरचं लहानथोर माणूस आणि शेजारच्या वाड्यांतले लोकही काठावर हजर असतात. विहिरीबद्दल कुणाचं काही म्हणणं असेल तर ते तेव्हाच, सगळ्यांसमोर काढायचं, मग मासे परत सोडायचे, अशी रीत आहे. मी तिला दिवस सांगितला.

ती आली. लांब, जुन्या खोपीच्या बाजूला उभी राहिली. गाळ निघाला, दादानं विचारलं, "कुनाचं काय हाय का?" दरवर्षी विचारतो, कुणी काही म्हणत नाही. मी म्हणालो, माझं आहे. पाइप हातात घेऊन सांगितलं: वॉल्व्ह, कॉक, रिकामं पिंप, आणि कळशीनं भरलेलं पाणी.

दादा विहिरीकडे बघत होता. "मी तुला विचारलं होतं," एवढंच म्हणाला. दोनदा विचारलं होतं त्यानं.

वहिनी उठून बाईजवळ गेली. "ये, बस. चहा घे."

"चहा नको. मी पंप कुठं धुतला होता ते सांगा."

वहिनी काहीतरी पुटपुटली.

"मला नको. त्यांना."

वहिनी माणसांकडे वळली. "कुंपनाशी धुतला होता," ती म्हणाली. मागे उभ्या असलेल्या कुणीतरी "काय?" असं विचारलं, तेव्हा तिला पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.

बाईनं पदर खोचला. तिला दुपारच्या पाळीला वालीवला पोहोचायचं होतं. माझ्याकडे न बघता ती कुंपणाच्या वाटेनं गेली. मग मासे सोडले.